२० बाय ४४ फूट : पिकलबॉलची ओळख आणि आपला मोहल्ला

(युवक-युवतींच्या शिबिरात दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळी आपण संविधानातल्या मूलभूत हक्कांवर बोललो. मग जेवण झालं. आणि जेवणानंतर तुम्हाला झोप येऊ नये म्हणून मला ‘पिकलबॉल’ या विषयावर उभं केलं आहे. विषयपत्रिका हातात पडल्यावर दोघा-तिघांनी मला विचारलं की हे काही स्वयंपाकाबद्दल आहे का? नाही. पिकल म्हणजे लोणचं हे खरं, पण या खेळात लोणचं कुठेही नाही. नावाची गोष्ट पुढे सांगेन. सकाळच्या सत्राशी या खेळाचा काय संबंध, तेही पुढे येईल. आधी खेळ तर समजून घेऊ.

हे पॅडल. टेबल टेनिसच्या बॅटपेक्षा मोठं, टेनिसच्या रॅकेटपेक्षा बरंच लहान. याला तारांची जाळी नाही, सपाट फळी आहे. आणि हा चेंडू. प्लॅस्टिकचा, आतून पोकळ, अंगभर भोकं. मैदानावरच्या चेंडूला साधारण ४० भोकं असतात, हॉलमधल्या चेंडूला २६. वजन २२ ते २६ ग्रॅमच्या आसपास. टेनिसचा चेंडू याच्या दुपटीहून जड असतो. मागे पाठवा, सगळ्यांनी हातात घेऊन बघा.

कोर्ट २० फूट रुंद आणि ४४ फूट लांब. बॅडमिंटन खेळणाऱ्यांच्या लक्षात आलं असेल, दुहेरी बॅडमिंटनचं कोर्टही नेमकं एवढंच असतं. हा योगायोग नाही, त्यामागे कारण आहे. नेट कडेला ३६ इंच, मधोमध ३४ इंच. म्हणजे साधारण कमरेएवढं.

सर्व्हिस खालून करायची, हात खालून वर येताना आणि चेंडू कमरेच्या खाली असताना, तिरप्या समोरच्या चौकटीत. सर्व्हिसची संधी एकच. टेनिससारखी दुसरी मिळत नाही. समोरच्याने तो चेंडू एक टप्पा पडल्यावरच परतवायचा. तो परत आला की सर्व्हिस करणाऱ्या बाजूनेही एक टप्पा पडू द्यायचा. हे दोन टप्पे झाले की मग मोकळीक, हवं तर टप्पा पडू द्या, हवं तर चेंडू हवेतच मारा. गेम ११ गुणांचा, पण दोन गुणांच्या फरकाने जिंकावा लागतो, आणि पारंपरिक पद्धतीत गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्या बाजूलाच मिळतो. दुहेरीत सर्व्हिस करणारा तीन आकडे मोठ्याने म्हणतो : आपले गुण, समोरच्यांचे गुण आणि आपण आपल्या बाजूचे पहिले की दुसरे सर्व्हर. गेमची सुरुवात ‘शून्य-शून्य-दोन’ने होते, कारण ज्यांना पहिली सर्व्हिस मिळते त्यांना फायदा होऊ नये म्हणून त्या वेळी त्यांच्यातला एकच जण सर्व्हिस करतो. हे आकडे पहिल्या दिवशी कुणाला कळत नाहीत. तिसऱ्या-चौथ्या गेमला आपोआप जमतात, म्हणून त्यावर आज वेळ घालवत नाही.

वेळ घालवायचा आहे तो एका पट्ट्यावर. नेटच्या दोन्ही बाजूंना सात-सात फुटांचा एक पट्टा असतो. त्याला खेळाडू ‘किचन’ म्हणतात. या पट्ट्यात उभं राहून चेंडू हवेतल्या हवेत मारायला बंदी आहे. चेंडूचा टप्पा तिथे पडला तर खुशाल आत जा आणि मारा. पण टप्पा न पडू देता मारायचं असेल तर पाय पट्ट्याबाहेर हवेत. रेषेला बूट लागला तरी रॅली गेली. बाहेरून हवेत फटका मारला आणि त्याच झोकात तोल जाऊन आत पाय पडला, तरीही गेली. (मागच्या रांगेत हसू आलेलं दिसतंय. आयुष्यभर ‘किचनमध्येच उभी राहा’ असं ऐकलेल्या बायकांना हा नियम आवडतो, असा माझा अनुभव आहे.)

मी व्यवसायाने संगणक अभियंता आहे, त्यामुळे कुठलीही व्यवस्था पाहिली की तिच्यातला कोणता एक नियम बाकी सगळं ठरवतो ते शोधायची सवय लागली आहे. या खेळात तो नियम हाच. कल्पना करा, हा पट्टा नसता तर काय झालं असतं? सहा फूट उंचीचा, दणकट हाताचा मुलगा नेटला चिकटून उभा राहिला असता आणि आलेला प्रत्येक चेंडू खाली ठोकून दिला असता. त्याच्यासमोर त्याची धाकटी बहीण दोन मिनिटांत कंटाळून निघून गेली असती. सात फूट मागे सरकवल्यामुळे त्या मुलाच्या ताकदीचा बराचसा भाव उतरतो. आता चेंडू हळूच, नेटच्या जेमतेम वरून, समोरच्याच्या किचनमध्ये पाडणं हा सर्वांत शहाणा फटका ठरतो. त्याला ‘डिंक’ म्हणतात. डिंक मारायला दंड लागत नाही, धीर लागतो. त्यात भोकांचा हलका चेंडू हवेतच वेग गमावतो, त्यामुळे धावत पोचायला अर्धा क्षण जास्त मिळतो. आणि कोर्ट एवढं लहान, की दुहेरीत प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम दहा फूट रुंदी येते.

वरच्या दर्जाच्या स्पर्धांमध्ये वेग, उंची, ताकद या सगळ्याला महत्त्व आहेच, तिथे कुणी दया दाखवत नाही. पण शिकण्याच्या पहिल्या महिन्यात सोळा वर्षांची नात आणि साठ वर्षांची दादी एकाच कोर्टवर उभ्या राहून खरोखरची रॅली खेळू शकतात, असे खेळ फार नाहीत. क्रिकेटमध्ये दादीला अंपायर करतात.

आता हे असं का झालं, त्याची गोष्ट. १९६५ चा उन्हाळा. अमेरिकेत सिअ‍ॅटलजवळ बेनब्रिज नावाचं बेट आहे. तिथे जोएल प्रिचर्ड यांचं सुट्टीतलं घर होतं. ते तेव्हा वॉशिंग्टन राज्याच्या विधिमंडळात होते, पुढे अमेरिकी काँग्रेसमध्ये गेले. ते आणि त्यांचे मित्र बिल बेल घरी परतले तेव्हा मुलं कंटाळून बसली होती. अंगणात बॅडमिंटनचं जुनं कोर्ट होतं, पण शटलकॉक सापडेना. मग घरात जे होतं ते उचललं : टेबल टेनिसच्या बॅट आणि भोकांचा प्लॅस्टिकचा चेंडू. नेट सुरुवातीला बॅडमिंटनच्या उंचीवर, ६० इंचांवर होतं. चेंडूला टप्पा चांगला पडतो हे लक्षात आल्यावर ते ३६ इंचांपर्यंत खाली आणलं. पुढच्या दिवसांत बार्नी मॅकॅलम हे तिसरे मित्र आले आणि तिघांनी मिळून नियम बसवले. सगळं घर एकत्र खेळू शकलं पाहिजे, एवढाच त्यांचा हेतू होता. कोर्ट बॅडमिंटनएवढं का, याचं उत्तर हे.

नावाचं श्रेय प्रिचर्ड यांच्या पत्नी जोन यांना दिलं जातं. वल्हवण्याच्या शर्यतींत वेगवेगळ्या होड्यांतून उरलेले वल्हेकरी एकत्र करून जी होडी उतरवायचे, तिला ‘पिकल बोट’ म्हणत. हा खेळही असाच तीन-चार खेळांच्या उरल्यासुरल्या सामानातून जुळवलेला, म्हणून पिकलबॉल. दुसरी गोष्ट अशी सांगतात की त्यांच्या ‘पिकल्स’ नावाच्या कुत्र्यावरून नाव पडलं. प्रिचर्ड कुटुंबाचं म्हणणं की कुत्रा नंतर आला आणि त्यालाच खेळावरून नाव दिलं. मला होडीची गोष्ट जास्त आवडते. उरलेल्यांची होडी.

पुढची काही वर्षं भराभर सांगतो. १९६७ मध्ये शेजाऱ्याच्या अंगणात पहिलं कायमचं कोर्ट झालं. १९७२ मध्ये कंपनी स्थापन झाली. १९७६ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या टुकविला इथे पहिली ज्ञात स्पर्धा झाली. १९८४ मध्ये राष्ट्रीय संघटना आली. त्याच सुमारास आर्लेन पॅरांटो नावाच्या बोइंगमधल्या इंजिनियरने विमानांच्या फरशीसाठी वापरतात तशा मधाच्या पोळ्यासारख्या पोकळ थरांच्या पत्र्यांपासून हलकं पॅडल बनवलं. तोवर पॅडल लाकडाचं आणि जड होतं. म्हणजे तुम्ही जे हातात फिरवताय त्याचं खापरपणजोबा विमानाच्या कारखान्यात जन्माला आलं. हे सांगितल्याशिवाय मला राहवलं नसतं.

तरीही कित्येक वर्षं हा शाळांच्या व्यायाम-तासांचा आणि निवृत्त लोकांच्या वसाहतींचा खेळ म्हणून राहिला. करोनाच्या काळात चित्र पालटलं. मोकळ्या हवेत, माणसांपासून अंतर राखून, थोड्या सामानात खेळता येण्याजोगं काहीतरी लोकांना हवं होतं. अमेरिकेतल्या स्पोर्ट्स अँड फिटनेस इंडस्ट्री असोसिएशनच्या मोजणीनुसार २०२२ मध्ये तिथे ८९ लाख लोक हा खेळ खेळत होते, २०२३ मध्ये १ कोटी ३६ लाख आणि २०२४ मध्ये १ कोटी ९८ लाख. या मोजणीत वर्षातून एकदा पॅडल धरणाराही येतो, त्यामुळे आकडा थोडा जपून घ्या. पण दोन वर्षांत दुपटीपेक्षा जास्त, ही वाढ खरी आहे. २०२२ मध्ये वॉशिंग्टन राज्याने पिकलबॉलला आपला अधिकृत राज्यखेळ केलं, आणि त्याच वर्षी लेब्रॉन जेम्ससारख्या बास्केटबॉलपटूने पिकलबॉल लीगमधल्या संघात पैसे गुंतवले.

आपल्याकडे हा खेळ आणणारा माणूस मराठी आहे, ही गोष्ट फार जणांना माहीत नसते. मुंबईचे सुनील वालावलकर १९९९ मध्ये युवकांच्या आदानप्रदान कार्यक्रमात कॅनडाला गेले होते, तिथे त्यांनी हा खेळ पाहिला. पुढे त्यांनी तो मुंबईत रुजवायला घेतला आणि २००८ मध्ये ऑल इंडिया पिकलबॉल असोसिएशन उभी राहिली. तेव्हा ना पैसा होता, ना प्रसिद्धी. आज दोन्ही आहे. २०२५ च्या सुरुवातीला मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये वर्ल्ड पिकलबॉल लीगचा पहिला हंगाम झाला. डेव्हिस कप खेळलेले गौरव नाटेकर त्यामागे होते. पुण्याच्या संघाचे मालक रितेश आणि जेनेलिया देशमुख, चेन्नईच्या संघाच्या मालक समंथा. त्याच वर्षी केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने इंडियन पिकलबॉल असोसिएशन या दुसऱ्या संघटनेला राष्ट्रीय महासंघ म्हणून मान्यता दिली, आणि ते प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. दोन संघटना आणि एक कोर्टकचेरी म्हटल्यावर समजायचं की खेळ भारतात खऱ्या अर्थाने दाखल झाला.

इथवरची माहिती तुम्हाला मोबाइलवरही मिळाली असती. मला बोलायचं आहे ते पुढचं.

आज पुण्यात किंवा मुंबईत पिकलबॉल कुठे खेळला जातो? दोन ठिकाणी. एक, तासाच्या भाड्याने मिळणारी कोर्टं. मोकळ्या प्लॉटवर, मॉलच्या गच्चीवर, आयटी पार्कच्या आसपास. संध्याकाळच्या एका तासाला शेकड्यांत, कधी हजारावर पैसे मोजावे लागतात. चौघांत वाटून घेतले तर आमच्यासारख्या पगारदारांना जड जात नाही. भिवंडीत लूमवर काम करणाऱ्याच्या मुलीला ते परवडणार नाही, हे सांगायला हिशेबाची गरज नाही. दुसरं ठिकाण म्हणजे मोठ्या गृहसंकुलांचे क्लबहाउस. तिथे तासाचं भाडं नसतं किंवा नाममात्र असतं, पण आत जायला तिथे घर हवं. आणि आपल्यापैकी किती जणांनी दलालाच्या तोंडून ‘तसा फ्लॅट रिकामा आहे, पण सोसायटी तुम्हाला देणार नाही’ हे वाक्य ऐकलं आहे? हात वर करायला सांगत नाही. ज्याला त्या सोसायटीत घर मिळत नाही, त्याच्या मुलांना तिथलं कोर्टही मिळत नाही, पोहण्याचा तलावही नाही आणि वाचनालयही नाही. घर नाकारण्याबरोबर काय काय नाकारलं जातं याची यादी करायला बसलो तर खेळ तिच्यात बराच वर येईल.

म्हणून ‘हा श्रीमंतांचा खेळ आहे’ असं कुणी म्हटलं की मी अर्धं मान्य करतो. खेळ स्वस्त आहे. चार साधी पॅडलं, डझनभर चेंडू आणि सुटं नेट हे सगळं मिळून काही हजारांत येतं, एका बऱ्या क्रिकेट किटच्या पैशात. श्रीमंती जागेची आहे. लोणच्याची बरणी स्वस्त, ती ठेवायचं कपाट महाग, असा प्रकार आहे हा.

आता सकाळच्या सत्राकडे येतो. अनुच्छेद १५ सकाळी आपण वाचला. त्याचं दुसरं उपकलम बहुतेक वेळा आपण विहिरी आणि तलावांच्या संदर्भात शिकतो, आणि ते बरोबरच आहे, महाडच्या चवदार तळ्याचा इतिहास त्यामागे आहे. पण तिथे रस्त्यांचा आणि सार्वजनिक वावराच्या ठिकाणांचाही उल्लेख आहे. पूर्णतः किंवा अंशतः सरकारी पैशातून राखलेली किंवा जनतेच्या वापरासाठी खुली केलेली अशी ठिकाणं. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांच्या आधारावर तिथे कुणालाही अटकाव करता येत नाही. महापालिकेचं मैदान हे असं ठिकाण आहे. पालिकेच्या क्रीडासंकुलातला बॅडमिंटन हॉलही तसाच. आणि त्याच अनुच्छेदाचं तिसरं उपकलम सांगतं की स्त्रिया आणि मुलांसाठी विशेष तरतूद करायला राज्याला मोकळीक आहे.

आता मुंब्र्याचं, मालेगावचं, कोंढव्याचं किंवा नागपूरच्या मोमिनपुऱ्याचं एखादं मैदान डोळ्यांसमोर आणा. तिथे मुलींना जाऊ नका असं सांगणारा फलक नसतो. पहाटेपासून रात्रीपर्यंत टेनिस बॉल क्रिकेटचे पाच सामने एकमेकांत गुंतून चाललेले असतात. फलंदाज पोरगा, गोलंदाज पोरगा, आणि कठड्यावर बसलेली पंचवीस पोरं. मुलगी तिथून गेली तरी मान खाली घालून जाते. फलकाची गरजच पडत नाही.

मुंब्र्यात ‘परचम’ या गटाने २०१२ पासून मुलींना फुटबॉल खेळायला मैदानावर आणलं, वेगवेगळ्या समाजांतल्या मुलींना एकत्र आणलं, आणि मुलींसाठी मैदानाची मागणी लावून धरली. त्या मुलींना घरी काय ऐकावं लागलं असेल हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. मला त्या कामाबद्दल आदर आहे, आणि त्यातून एक धडा घेण्यासारखा आहे : आधी जागा आणि वेळ मागायची, खेळ कोणता ते त्यानंतर.

मग पिकलबॉलच का? कारण जागेचा हिशेब. टेनिसचं दुहेरी कोर्ट २,८०८ चौरस फूट, हे ८८०. भोवतालची मोकळी जागा धरली तरी ३० बाय ६० फूट पुरतात. आमच्या वस्त्यांत फुटबॉलचं मैदान मिळायला तीन नगरसेवक बदलावे लागतात. ३० बाय ६० फूट मात्र आत्ताही आहेत. उर्दू शाळेचं सिमेंटचं अंगण संध्याकाळी कुलूपबंद असतं. शादीखाना लग्नाचा हंगाम सोडला तर आठवड्यातले पाच दिवस रिकामा असतो. तिथे छत १८-२० फूट उंच असलं म्हणजे झालं. आणि जिथे बॅडमिंटनचं कोर्ट आखलेलं आहे तिथे तर रेषाही नव्याने ओढायच्या नाहीत, किचनच्या दोन रेषा तेवढ्या टेपने चिकटवायच्या आणि नेट खाली घ्यायचं.

दुसरं कारण वयाचं. आमच्या घरांतून मुलगी एकटी खेळायला निघाली तर दहा प्रश्न. तीच अम्मीबरोबर निघाली तर एकही नाही. फुटबॉलमध्ये अम्मीला उतरवणं कठीण आहे, यात नाही. चाळिशी-पन्नाशीच्या आमच्या बायकांमध्ये साखर आणि गुडघेदुखी घरोघर आहे, डॉक्टर चालायला सांगतात, आणि चालायला रस्त्यावर फूटपाथ नाही. मुलीला आणि आईला एकाच वेळी घराबाहेर काढणारा खेळ मला तरी दुसरा दिसत नाही.

कपड्यांचा प्रश्न येणारच, म्हणून आधीच बोलतो. या खेळात ठरावीक गणवेश असा नाही. स्पर्धेत कपड्यांचा रंग चेंडूच्या रंगासारखा नको, एवढी अट असते. सलवार-कमीज चालते, डोक्यावर रुमाल चालतो, काहीच नसलं तरी चालतं. ज्या मुलीला जे घालायचं ते तिने ठरवावं, आणि ते मोहल्ल्याने मोजत बसू नये. माझी अडचण फक्त तांत्रिक आहे : लोंबणारी ओढणी आणि घोट्याखाली घोळणारा बुरखा पायात अडकतो, आणि मागे जाताना माणूस पडतो. ओढणी बांधून घ्या.

काही जण विचारतात, दीनमध्ये बायकांच्या खेळाला कुठे जागा आहे? प्रेषितांनी हजरत आयशांबरोबर धावण्याची शर्यत लावल्याची हदीस प्रसिद्ध आहे, एकदा त्या जिंकल्या आणि एकदा ते. ज्यांना दाखला हवा त्यांनी तो घ्यावा. पण पालिकेच्या हॉलमध्ये पाय ठेवण्यासाठी माझ्या बहिणीला हदीस शोधावी लागू नये, असं माझं मत आहे. ती कर भरते आणि ती नागरिक आहे, हे पुरेसं आहे.

फक्त बायकांसाठी राखीव वेळ मागावी का, यावर आपल्याच साथींमध्ये मतभेद आहेत. एक म्हणतात, आपण स्त्री-पुरुष समतेची भाषा करतो आणि पडदा पुन्हा मैदानात नेतो. मला हे पटत नाही. पंचवीस पोरं कठड्यावर बसलेली असताना पहिल्यांदा पॅडल धरणारी बाई आत येणार नाही. आठवड्यातून चार दिवस दोन तास तिच्या नावाचे असले पाहिजेत, आणि उरलेल्या वेळी सगळ्यांचा मिश्र खेळ. सहा महिन्यांनी तीच मिश्र खेळाला येते की नाही ते पाहू.

राखीव वेळ मागताना एक जुनी गोष्ट मात्र मी विसरणार नाही. मुंबईत मरीन ड्राइव्हवर चाललात तर पारशी जिमखाना, इस्लाम जिमखाना, हिंदू जिमखाना शेजारी-शेजारी दिसतात. शहराचं सर्वांत मोठं क्रिकेट एकेकाळी धर्माच्या नावाने खेळलं जायचं. १९१२ मध्ये मुस्लिम संघ आल्यावर स्पर्धा चौरंगी झाली, १९३७ मध्ये पंचरंगी. गांधीजींनी १९४० मध्ये तिला विरोध केला, आणि १९४६ नंतर ती बंद पडली. क्रिकेट उत्तम होत होतं, गर्दी प्रचंड होती. पण आपण कुणाच्या बाजूने आहोत हे खेळाडूच्या खेळावरून नाही, जन्मावरून ठरत होतं. उद्या कुणी ‘मुस्लिम पिकलबॉल क्लब’ काढू म्हणालं तर मी त्यात नसेन. मोहल्ल्यातलं कोर्ट म्हणजे मुसलमानांचं कोर्ट नव्हे. शेजारच्या बुद्धविहारातल्या ताई, पलीकडच्या चाळीतल्या काकू यांचं नाव पहिल्या दिवसापासून यादीत हवं.

याला या खेळाची एक रीत मदत करते. अमेरिकेतल्या सार्वजनिक कोर्टांवर ‘ओपन प्ले’ चालतो. खेळायला आलेला माणूस आपलं पॅडल कठड्याला टेकवून रांगेत ठेवतो. कोर्ट रिकामं झालं की रांगेतली पहिली चार पॅडलं आत. जोडीदार कोण, समोर कोण, हे रांग ठरवते. नाव सांगावं लागत नाही, ओळख लागत नाही, मित्रांचं टोळकं घेऊन यावं लागत नाही. आपल्या शहरांत भाड्याच्या कोर्टांवर ही रीत फारशी दिसत नाही, कारण तिथे चौघे मिळून तास विकत घेतात आणि त्या चौघांतच खेळून घरी जातात. वाईट वाटतं. खेळातला सर्वांत चांगला भाग आपण आयात करताना बंदरावरच ठेवून आलो.

काही व्यावहारिक सूचना. बूट घालून खेळा, अनवाणी नको, गुळगुळीत फरशीवर तर मुळीच नको. डोक्यावरून गेलेल्या चेंडूमागे उलटं पळू नका, वळा आणि मग पळा. वयस्कर खेळाडू मनगट मोडून घेतात ते बहुतेक असेच. सुरू करण्याआधी दहा मिनिटं अंग मोकळं करा. डोळ्यांना चष्मा असेल तर बरंच, नसेल तर साधा प्लॅस्टिकचा संरक्षक चष्मा घ्या. आवाजाचा विचार करा : कडक पॅडलवर कडक चेंडूचा ‘टक’ असा टोकदार आवाज होतो, अमेरिकेत त्यावरून शेजारी कोर्टात गेले आहेत. आपल्याकडे भिंतीला भिंत लागून घरं. परीक्षेच्या दिवसांत आणि रात्री नऊनंतर बंद. अजानच्या वेळी आणि शेजारी आरती चालू असेल तेव्हाही दहा मिनिटं थांबायला कुणाचं काही जात नाही. गच्चीवर खेळू नका. कठडे बुटके असतात आणि चेंडूमागे मुलं भान विसरतात.

अर्ज कसा करायचा ते सांगून थांबतो. अर्ज दोन पानी नको, एक पान पुरे. कोणत्या पालिका शाळेचं अंगण किंवा कोणता हॉल, कोणत्या वारी, किती ते किती, जबाबदार दोन व्यक्तींची नावं, त्यातली एक स्त्री. वापरानंतर झाडून देण्याची हमी. अनुच्छेद १५ चा उल्लेख शेवटच्या ओळीत, धमकीसारखा नको. पोच घ्या, पोचेवर तारीख आणि शिक्का घ्या. महिन्याभरात उत्तर नाही आलं तर माहिती अधिकारात विचारा की ते अंगण सध्या कुणाला, कोणत्या वेळी, कोणत्या अटींवर दिलं जातं. या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा फार वाचनीय असतं. मसुदा मी छापून आणला आहे, मराठी आणि उर्दू दोन्हीत, जाताना घेऊन जा.

बाहेर अंगणात सकाळीच चुन्याने कोर्ट आखून ठेवलं आहे. पॅडलं चारच आहेत आणि आपण चाळीस, त्यामुळे रांगेला पॅडलऐवजी पाण्याच्या बाटल्या लावू. बाटलीवर नाव लिहायचं नाही. पहिल्या चार बाटल्या मागच्या रांगेतल्या खालांच्या. अजून ऊन आहे, चहा आधी घेऊ.